राहत्या घराला तिकीट

निवृत्त माणसानं आपल्या नोकरीबद्दल लिहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बहुधा निवृत्त माणसाच्या शेजारी बसून शिरूर ते पुणे असा एसटीचा प्रवास कधी केलेला नसतो. संपादकांनी विचारलं, मी लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ते सांगून मी कंटाळा आणला, आता वाचकांची पाळी.

माझी नोकरी संग्रहालयात होती. संग्रहालय म्हटलं की लोकांना तलवारी, चिलखतं, एखाद्या राणीची पालखी असलं काही आठवतं. आमच्याकडं बैलाच्या पायात ठोकायचे लोखंडी पत्रे होते. शिवाय एक भाता, एक ऐरण, काही दोर आणि इस्माईलमामा. मामा यादीत नव्हते. पण खरं म्हणजे सगळं त्यांचंच होतं.

माझ्या हुद्द्याचं नाव होतं व्यवस्थापिका. व्यवस्थापिका म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं, काचा पुसायच्या, तिकीट फाडायचं, मग तिकीट फाडणारी ती मी नव्हेच असा चेहरा करून माहिती द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा कुलूप. मधल्या वेळात स्वच्छतागृह कुठं आहे ते सांगायचं. हा प्रश्न मला इतिहासावरच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त वेळा विचारला गेला, आणि त्याचं उत्तर मी सगळ्यात आत्मविश्वासानं देत असे.

आता घर. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. इथं एकेकाळी घोडेस्वारांची छावणी होती. घोडे आले म्हणजे त्यांना नाल ठोकणारे आले. पलटण गेली, घोडे गेले, नालबंदांचं घराणं मात्र इथंच राहिलं आणि बैलांकडं वळलं. घर कसलं, दगड-मातीच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढं अंगण, अंगणाच्या कडेला भट्टी. या दोन खोल्यांना ट्रस्टनं नाव दिलं ‘नालबंद हवेली’. पहिल्यांदा पाटी लागली तेव्हा मामा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, पाटी वाचली आणि मला म्हणाले, “बाई, हवेली कुठं हाय? आपलं घर दिसंना तिच्यामागं.”

ट्रस्ट म्हणजे मुख्तारभाई. मामांचे पुतणे. पुण्यात बांधकाम साहित्याचा व्यवसाय, गाडी मोठी, मन वाईट नाही. मामांना मूलबाळ नाही, मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. मुख्तारभाईंनी आजोबा-पणजोबांचं घर जपायचं ठरवलं. तसं घर शेजारच्या दुकानदारानंही जपलंच असतं, म्हणजे पाडून वर मजले चढवले असते. मामांनी घर ट्रस्टला दिलं ते एका बोलीवर. मागच्या खोलीत मरेपर्यंत राहीन आणि याच अंगणात बैलाला नाल मारीन. मुख्तारभाई म्हणाले, “चाचा, ये भी कोई बोलने की बात है?” ती खरंच बोलण्याची बाब नव्हती. ती लक्षात ठेवण्याची बाब होती.

मग पुण्याहून डिझायनर बाई आल्या. त्यांनी घर पाहिलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, “किती ऑथेंटिक!” नंतर त्यांनी त्यातलं बरंचसं बदललं. भिंतीवरचा धूर त्यांना आवडला, पण तो सगळीकडं सारखा नव्हता, म्हणून रंगाऱ्याकडून सारखा करून घेतला. मामांची हातोडी, पकड, कानस, खूर तासायचं पातं काचेच्या कपाटात गेलं आणि त्यावर पिवळा दिवा पडला. मामा रोज सकाळी ऐरणीवर बसून दात घासायचे, ते बंद झालं, कारण ऐरणीभोवती साखळी आली.

दारातल्या मोठ्या फलकावर लिहिलं होतं, ‘एका लुप्त व्यवसायाची कहाणी’. खाली घराण्यातल्या पुरुषांची नावं आणि सगळ्यात शेवटी, ‘कै. इस्माईल नालबंद’. मी बाईंना म्हटलं, “अहो, ते तिकडं चहा पितायत.” बाई गडबडल्या. पण फलक पक्का होता, आणि दुसरा करायला मुख्तारभाई पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. मामांना मी हे बिचकतच सांगितलं. एक जिवंत मुसलमान आणि त्याला एका अक्षरात मारून वर कैलासाला पाठवलेला, म्हटलं आता रागावतील. मामांनी चष्मा वर केला, फलक नीट निरखला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तिकडं वळखीचं कुणी न्हाई, निवांत हाय.”

पण एका गोष्टीवर ते निवांत राहिले नाहीत. एक दिवस ते तालुक्याच्या दवाखान्यात गेले असताना अंगणात फरशी बसली. अंगणातली माती पाहुण्यांच्या बुटांना लागते, पावसात चिखल होतो, अशी कारणं होती. कारणं सगळी खरी होती. मामा परत आले आणि दारातच थांबले. चप्पल काढून त्यांनी फरशीवर एक पाय ठेवला, मग काढून घेतला.

“मुख्त्यार,” ते फोनवर म्हणाले, “आता बैल कुठं पाडू रं?”

हे पुण्यातल्या माणसांना समजावून सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. बैलाला उभ्यानं नाल मारत नाहीत. घोडा एक पाय उचलून देतो, बैल देत नाही. त्याच्या पायांत दोर अडकवून, शेपटीशी एक माणूस, शिंगांशी एक माणूस, अशी दोघं-तिघं मिळून त्याला हळूच आडवा करायचा, पाय एकत्र बांधायचे, खूर तासून सपाट करायचे आणि मग खिळे ठोकायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका पायाला दोन-दोन पत्रे. अख्खा बैल खाली येतो म्हणजे काय वजन येतं बघा. खाली भुसभुशीत माती पाहिजे. नालबंदाच्या अंगणातली माती पिढ्यान्‌पिढ्या खाली-वर करून, शेण-भुसा घालून तशी मऊ ठेवलेली असते. त्या घरातली खरी जुनी वस्तू कुठली असेल तर ती माती होती. ती ट्रॅक्टरमध्ये भरून कुणाच्या तरी प्लॉटवर भरावाला गेली.

संग्रहालय सुरू झालं आणि लोक येऊ लागले. बहुतेक लोक इतिहासासाठी येत नसत हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. ते शनीसाठी येत. काळ्या घोड्याची वापरलेली नाल घराच्या चौकटीला लावली की शनीची पीडा टळते, असं पुष्कळ लोक मानतात आणि मोटारसायकलवरून येऊन मानतात. “मॅडम, ओरिजिनल काळ्या घोड्याची मिळेल का?” मी सांगायची, इथं बैलाच्या आहेत, आणि प्रदर्शनातल्या आहेत. मग ते बैलाचा रंग विचारत. शिक्रापूरच्या कंपन्यांतली पोरं सुट्टीच्या दिवशी येत, भात्याजवळ उभं राहून गावाकडं व्हिडिओ कॉल लावत आणि “देख माँ, अपने यहाँ जैसा ही है” असं दाखवत. खरं सांगायचं तर तेवढीच माणसं भात्याकडं नीट बघत. एका जोडप्यानं ऐरणीवर बसून लग्नाआधीचे फोटो काढले. नवरी मुलगी बरोबर आणलेली हातोडी उगारून नवऱ्या मुलाकडं बघतेय असा एक फोटो होता. तो माझ्या मते त्या सबंध संग्रहालयातला सगळ्यात खरा दस्तऐवज.

शाळांच्या सहली आल्या की मला ठरलेलं भाषण करावं लागे. “मुलांनो, हा व्यवसाय आता कायमचा नाहीसा झाला आहे.” एकदा हे वाक्य माझ्या तोंडात असतानाच फाटकातून आवाज आला, “मामा हायत का? बैलाची नाल निघालीय.”

ऊसतोडीचा हंगाम आला की असं व्हायचं. बीड-नगरकडच्या टोळ्या पाटसकडं, इकडच्या-तिकडच्या कारखान्यांवर उतरतात. बैलगाडीत ऊस भरून डांबरी रस्त्यावरून चालायचं म्हणजे बैलाच्या खुराला नाल पाहिजेच. ती झिजते, निघते, मग बैल लंगडतो. या गाडीवानांना कुणी कळवलंच नव्हतं की हा व्यवसाय लुप्त झालाय. ते आपले पूर्वीसारखे दारात येत. फलकाखाली गाडी सोडत, फलक न वाचता “मामा” म्हणून हाक मारत, आणि कैलासवासी मामा आतून “आलो, आलो” करत बाहेर येत.

मग मामा माझ्याकडं बघत. मी कपाटाचं कुलूप काढून हातोडी-पकड त्यांच्या हातात देत असे आणि रिकाम्या जागेवर एक चिठ्ठी ठेवत असे, ‘वस्तू देखभालीसाठी काढली आहे’. यात खोटं काही नव्हतं. इतकी देखभाल देशातल्या कुठल्याही संग्रहालयात कुठल्या वस्तूची होत नसेल. फरशी आल्यापासून काम रस्त्याकडेच्या मातीच्या पट्टीवर चाले. एका बाजूला ट्रकचे हॉर्न, दुसऱ्या बाजूला पाणीपुरीची गाडी, मध्ये आडवा पडलेला बैल आणि त्याच्या मानेशी बोलत बसलेले मामा. बैलाशी ते सतत बोलत. “झालं रं राजा, झालं, उगं पाय झाडू नगंस.” माझ्याशी ते इतक्या मऊ आवाजात कधी बोलले नाहीत. मला चहात साखर कमी पडली म्हणूनही दम भरत.

मुख्तारभाईंना हे पसंत नव्हतं. दारात शेण दिसतं, वाहतूक अडते, एखादा बैल उधळला तर जबाबदारी कुणाची. हेही सगळं खरं होतं. “मॅडम, चाचांना समजवा ना. आता आराम करायला पाहिजे त्यांनी. माझ्याकडं फ्लॅटवर चला म्हणतो तर येत नाहीत.” मी समजावत असे. मामा ऐकून घेत आणि विचारत, “बाई, फ्ल्याटवर मी काय करू? लिफ्टला नाल मारू?”

मग आला पाहुण्यांचा दिवस. कुठल्याशा वारसा समितीचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी मान डोलावली तर संग्रहालयाला मदत मिळणार होती, म्हणून मुख्तारभाई पहाटेच पुण्याहून निघून आले. फाटकाच्या आत उजव्या हाताला एक तुकडा मोकळा होता. तिथं त्यांनी आदल्या आठवड्यात हिरवळ आणून बसवली होती. ती बिऱ्हाडासकट आली होती, म्हणजे मातीसकट गुंडाळून. तिच्यावर पाय ठेवायला मलाही बंदी होती. हिरवळीच्या कडेनं खुर्च्या, मागं कापडी मांडव, समोर टेबलावर फुलदाण्या. मामांना नवा कुडता आणि टोपी घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि गप्प बसा असं तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं.

साहेब आले. डिझायनर बाईंनी कहाणी सुरू केली. घोडदळ, छावणी, भट्टीच्या ठिणग्यांचा काळ. “आज या परंपरेचा शेवटचा ठोकाही थांबला आहे,” असं त्या म्हणाल्या, आणि फाटकात गाडीवान उभा राहिला.

भीमराव त्याचं नाव, बीडकडचा, दरवर्षी येणारा. त्याचा बैल मागचा एक पाय टेकवतच नव्हता. निम्मी नाल निघून लोंबत होती आणि एक खिळा आत शिरला होता, खुरातून रक्त येत होतं. भीमरावानं खुर्च्या पाहिल्या, मांडव पाहिला, कुणाचं तरी लग्न असावं असं समजून डोक्यावरचं पागोटं नीट केलं आणि तिथूनच म्हणाला, “मामा, वाईच बगता का? टोळी फुडं गेली. म्या मागं ऱ्हायलो तर मुकादम दुसरी गाडी लावतो बगा. आन् ह्येला चालवंना.”

मुख्तारभाई धावत गेले. “अरे बाबा, आज नाही. आज प्रोग्राम आहे. रोडला दुसरा कोणी बघ.”

“दुसरा हाय कोन?” भीमराव म्हणाला.

मामा उठले. कुडत्याच्या बाह्या वर केल्या. रस्त्याकडच्या पट्टीवर त्या दिवशी साहेबांच्या आणि त्यांच्याबरोबरच्या गाड्या लावल्या होत्या. अंगणात फरशी. मामांनी एकदा सगळीकडं पाहिलं आणि मग हिरवळीकडं पाहिलं. मुख्तारभाईंनाही तेव्हाच कळलं असावं, कारण ते “चाचा, नको, चाचा” म्हणत होते.

मी कपाट उघडलं. चिठ्ठी ठेवायला वेळ नव्हता.

बैल हिरवळीवर आडवा झाला. भीमराव शिंगांशी, मी आयुष्यात पहिल्यांदा शेपटीशी, आणि मामा गुडघा टेकून खुराशी. आत शिरलेला खिळा त्यांनी असा हळूच काढला की बैलानं फक्त एकदा श्वास सोडला. तासलं, धुतलं, हळद भरली, खुराच्या त्या दुखऱ्या फाकेला नाल मारायची नाही म्हणून सोडून दिली आणि बाकीच्या पायांच्या ढिल्या नाला ठोकून पक्क्या केल्या. खुर्च्यांवर सगळे उभे राहून मोबाईलवर चित्रण करत होते. शेवटचा ठोका पडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

साहेब भारावले होते. “वा! इतकं जिवंत प्रात्यक्षिक! आणि तो गाडीवानही काय सुंदर बोलला, अगदी नैसर्गिक.”

मुख्तारभाईंनी एक क्षण माझ्याकडं, एक क्षण हिरवळीच्या झालेल्या चिखलाकडं पाहिलं. “हां सर,” ते म्हणाले, “आमचं तसं प्लॅनिंगच होतं.”

मला वाटलं, चला, भलं झालं. आता तरी माती परत येईल. मी भोळी म्हणावी तर इतकी वर्षं तिकिटं फाडलेली बाई. झालं असं की ट्रस्टची बैठक बसली आणि ठराव झाला की दर रविवारी प्रात्यक्षिक ठेवायचं. हिरवळीच्या जागी गोल कुंपण, भोवती बाकडी, वेगळं तिकीट, आणि त्यासाठी एक देखणा बैल भाड्यानं. रस्त्यावरून येणाऱ्या गाडीवानांच्या बैलांना नाल मारणं मात्र बंद, कारण आता अधिकृत सोय झाली होती.

मामा ऐकत होते. “बैल कुणाचा?”

“भाड्याचा चाचा. तब्येतीनं एकदम फिट.”

“त्याची नाल निघल्याली आसंल?”

“नाही ना. रविवारी काढायची, रविवारी मारायची. परत पुढच्या रविवारी.”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. ते ओरडतील असं मला वाटलं, पण आवाज बैलाशी बोलायचा होता. “मुख्त्यार, जनावराला पाडलं का त्याचा जीव घाबरा हुतो. दुखतं म्हून पाडायचं, बरं वाटावं म्हून पाडायचं. धडधाकट जनावर दर आयतवारी लोकांनी बगावं म्हून पाडू? मला न्हाई जमायचं. आन् ज्याचं दुखतंय त्याला फाटकातनं माघारी लावू, त्येबी न्हाई जमायचं.”

“चाचा, जमाना बदलला,” मुख्तारभाई म्हणाले. “मी हे सगळं आपल्या खानदानाच्या नावासाठी करतोय.”

ते खरंच त्यासाठीच करत होते. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमरावाच्या टोळीतली दुसरी गाडी दारावरून चालली होती. मामा गोधडी, एक पिशवी आणि हत्यारं घेऊन तिच्यात चढून बसले. हत्यारं मीच काढून दिली. म्हणाले, “पाटसकडं तळावर ऱ्हातो. लई बैल हायत तिथं. हंगाम सरला का येतो घरी. बाई, माझ्या खोलीत पानी मारत जावा, धूळ लई बसती.” मी म्हटलं, “मामा, या वयात पाचटाच्या कोपीत राहणार?” ते म्हणाले, “कोपीत तिकीट न्हाई.” गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली तोवर ते बैलांशी बोलायला लागले होते.

मी खोलीत पाणी मारत राहिले, पण फार दिवस नाही. डिझायनर बाई पुन्हा आल्या. मागची खोली आता रिकामी आहे म्हणाल्या. मी सांगितलं, रिकामी नाही, माणूस बाहेरगावी गेलाय. त्यांनी खोली पाहिली. खाट, खुंटीवर लुंगी, कोनाड्यात चष्म्याचं घर, मामींनी भरतकाम केलेली उशीची खोळ, झाकण मोडलेलं ताकाचं भांडं. बाईंनी डोळे मिटले. मला तेव्हाच कळलं. ‘नालबंदांची राहती खोली’ अशी पाटी लागली, दारात जाड दोर लागला आणि खाटेवर वरून पिवळा दिवा सोडला. मी विरोध केला. मुख्तारभाईंना फोन करून सांगितलं की तुमचे काका परत येणार आहेत. “आले की माझ्याकडंच आणणार आहे मी त्यांना मॅडम,” ते म्हणाले. “रूम तशीच ठेवलीय ना, एक वस्तू हलवली नाही.” हेही खरंच होतं. एकही वस्तू हलवली नव्हती.

लोकांना ती खोली सगळ्यात आवडू लागली. दोराशी थांबून ते हळू आवाजात बोलत. एकदा एका आजीबाईंनी लुंगीला नमस्कार केला. मी रोज तिथली धूळ पुसायची, रोज सांगायची की इथं राहणारे गृहस्थ पाटसला कामावर गेलेत. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, बाई विनोदी आहे.

कारखान्यांची धुराडी थंड झाली. टोळ्या परत निघाल्या. उन्हाचे दिवस होते, दुपारची वेळ, संग्रहालयात चिटपाखरू नव्हतं. मी तिकिटाच्या खिडकीत डुलकी आवरत बसले होते. खिडकीपुढं सावली आली. मामा होते. काळे पडलेले, गालफडं आत गेलेली, खांद्यावर तीच पिशवी. खिडकीशेजारी आता खोलीच्या मोठ्या फोटोचं पोस्टर होतं. ते त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या खाटेचा फोटो, त्यांच्या लुंगीचा फोटो.

त्यांनी खांद्यावरची पिशवी हातात घेतली. मग विचारलं, “बाई, म्हाताऱ्या मानसाला तिकिटात सवलत हाय का?”

मी इतकी वर्षं लोकांच्या तोंडावर हसत आले, चेष्टा हेच माझं भांडवल. त्या वेळी मात्र मला रडू आलं, आणि मी तिथंच, तिकिटाच्या खिडकीत, पदर तोंडाला लावून रडले. मामा वैतागले. “रडायला काय झालं? सवलत नसंल तर पुरं घिऊ.”

मी बाहेर आले, त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आत जाऊन दोर सोडला आणि दिवा बंद केला. मामांनी चपला दारात काढल्या. खोलीभर एकदा नजर फिरवली. “धूळ न्हाई बसली,” म्हणाले, खाटेवर बसले, पाय वर घेतले, आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत भिंतीकडं तोंड करून झोपले होते. हंगामभर जमिनीवर झोपलेल्या माणसाची झोप होती ती.

आणि नेमके त्याच दुपारी मुख्तारभाई पाहुणे घेऊन आले. न कळवता. मुंबईची काही मंडळी, त्यातल्या एक बाई अशा ठिकाणांवर लिहीत असत म्हणे. मी फाटकातच गाठून सांगू म्हटलं, पण घोळका तोवर मागच्या खोलीपाशी पोहोचला होता. दोर नव्हता, दिवा नव्हता. खाटेवर मामा झोपलेले, पांढरी दाढी, तळपायांना भेगा, छाती हळूहळू वर-खाली होत होती.

त्या बाईंनी हात छातीवर ठेवला. “माय गॉड,” त्या कुजबुजल्या, “किती बारकाईनं केलाय हा पुतळा! श्वास घेतोय असं वाटतं. पायाच्या भेगा बघा ना. कुणी केला?”

सगळे मुख्तारभाईंकडं पाहू लागले. कुणीतरी मोबाईल वर केला. मी तोंड उघडणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून थांबले. ते भेगांकडं बघत होते. इतक्या जवळून त्यांनी चाचांचे पाय किती दिवसांत पाहिले होते कोण जाणे. एरवी त्यांच्याकडं साहेबांसाठी, पाहुण्यांसाठी, ट्रस्टसाठी वाक्य तयार असे. आताही एक होतंच. नुसतं “थँक यू” म्हटलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी मोबाईलवाल्याचा हात धरून खाली केला. “पुतळा न्हाई त्यो,” ते म्हणाले, आणि मी प्रथमच त्यांच्या तोंडून घोडनदीची बोली ऐकली. “चाचा हायत माझे. कामावरनं आल्यात. दमल्यात.”

त्या लिहिणाऱ्या बाई दोन पावलं मागं सरल्या. मुख्तारभाईंनी दारातल्या मामांच्या चपला उचलून एका कडेला नीट लावल्या, पाहुण्यांना हातानंच बाहेर चला असं खुणावलं आणि माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाले, “मॅडम, दार लोटून घ्या. डोळ्यावर ऊन येतंय त्यांच्या.”

मी दार लोटून घेतलं.